अँटेनाचे तोंड कुणीकडे?

चिं. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी मराठी वाचकाच्या घरात आणून बसवली तेव्हा त्यांचा मुक्काम बडोद्यास होता. पाली भाषेचे अध्यापन आणि गायकवाड सरकारच्या दफ्तराचा कारभार ही त्यांची पोटापाण्याची कामे. विनोदी लेखन हे फावल्या वेळचे. १९६३ साली ते गेले. पुढे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने त्यांच्या कथांवर मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि मुंबईपुण्याकडची घरेच्या घरे संचापुढे बसू लागली. ज्या गावात बसून चिमणराव लिहिला गेला त्या बडोद्यात मात्र तो दिसत नव्हता. वरळीच्या मनोऱ्यापासून बडोदे सरळ रेषेत सुमारे पावणेचारशे किलोमीटर, आणि त्या मनोऱ्याचा भरवशाचा आवाका याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही नव्हता.

घराच्या गच्चीवर अँटेना कोणता लावावा आणि त्याचे तोंड कुणीकडे करावे, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदार आणि मेकॅनिक यांच्या अखत्यारीतला. इतिहास शिकवणाऱ्या माणसाचे त्यात काय काम, असे कोणी विचारील. परंतु बडोद्याच्या मराठी घरांपुरते बोलायचे तर गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले, आणि दर वेळी ‘आपले स्थानिक केंद्र’ या शब्दांचा अर्थही बदलला. आपल्यासारख्या सीमेवरच्या वाचकाला ही हकीकत फारशी परकी वाटू नये.

बडोदे मराठी वस्तीचे गाव कसे झाले हे येथे उगाळत बसत नाही. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्य संमेलने संस्थानी काळात या गावाने भरवली आणि चौथे २०१८ साली भरवले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ध्वनिक्षेपणाच्या बाबतीत हे गाव कधी मागासलेले नव्हते. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी देशातल्या ज्या मोजक्या संस्थानांकडे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते, त्यांत म्हैसूर, हैदराबाद, औरंगाबाद व त्रिवेंद्रम यांच्या जोडीला बडोद्याचे नाव होते. १९४८ साली हे केंद्र आकाशवाणीकडे आले. १९४९च्या १ मे रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि बरोबर अकरा वर्षांनी, १९६०च्या १ मे रोजी, मुंबई राज्य दुभंगून बडोदे गुजरातेत गेले. मधली अकरा वर्षे बडोदे आणि मुंबई एकाच राज्यात होती. आकाशवाणीच्या लहरींना मात्र हे विलीनीकरण आणि विभाजन दोन्ही ठाऊक नव्हते. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात, आणि सूर्य मावळला की वातावरणाच्या उंच थरावरून परावर्तित होऊन आणखी शेकडो कोस खाली उतरतात. त्यामुळे रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या मराठी घरात रात्री मुंबई लागे. खरखर असे, मध्येच आवाज बुडे, पण लागे.

दूरचित्रवाणीने ही सवय मोडली. भारतात ती १९५९च्या सप्टेंबरात दिल्लीला सुरू झाली आणि मुंबईला १९७२च्या २ ऑक्टोबरला. तिच्या लहरी आखूड, प्रकाशासारख्या बहुतांशी सरळ रेषेत जाणाऱ्या. पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिज आडवे आले की संपल्या. मुंबईचा मनोरा तीनशे मीटर उंच असला तरी त्या उंचीवरून क्षितिज सत्तर किलोमीटरांच्या आसपास. पाहणाऱ्याने आपला अँटेना उंच नेला तर आणखी दहापंधरा किलोमीटर पदरात पडावेत. पलीकडे जे पोहोचते ते झिरपून. १९७३ साली सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारून पुण्याची सोय करण्यात आली. बडोद्याकडे असा गडही नव्हता आणि मुंबईच्या नकाशात आता ते गावही नव्हते.

माझे मामा तांत्रिक शिक्षण घेतलेले गृहस्थ होते. दांडिया बाजारात त्यांचे दुमजली जुने घर. १९७८ साली त्यांनी कृष्णधवल संच घेतला आणि रेडिओप्रमाणे त्याचाही परवाना पोस्टातून काढला. (तो परवाना सरकारने १९८५ साली रद्द केला.) संच घेतला खरा, पण पाहायचे काय? त्या काळी बडोद्याला स्वतःचे प्रक्षेपण नव्हते. एक शक्यता वायव्येला होती आणि दुसरी दक्षिणेला.

वायव्येची शक्यता म्हणजे पिज. खेडा जिल्ह्यात नडियादजवळचे हे खेडे. १९७५ साली तेथे एक किलोवॅटचा लहानसा प्रक्षेपक बसवण्यात आला. त्यामागची कल्पना विक्रम साराभाईंच्या विचारांतून निघालेली. बडोद्याला साराभाई औषधांच्या कारखान्यामुळे आणि ऑपरेशन्स रिसर्च ग्रूप या संस्थेमुळे परिचित होते. पण दूरचित्रवाणी ही शहरी करमणूक न राहता खेड्यातल्या माणसाच्या उपयोगी पडावी हा त्यांचा ध्यास होता. १९६९ साली अमेरिकेच्या ‘नासा’शी करार झाला. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाई वारले, आणि १९७५च्या १ ऑगस्टपासून वर्षभर ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग चालला. सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी त्यात होती. कर्नाटकातून कोणते जिल्हे होते हे आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल : विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. म्हणजे आपल्या शिवेला लागून. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचे दहा फुटी थाळे पंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात उभे राहिले. मला त्या वेळी कळते वय नव्हते. पण शाळा तपासनीस म्हणून फिरणारे माझे वडील सांगत की, पलीकडच्या गावी सायंकाळी आकाशातून कन्नड बोलते आणि अलीकडची माणसे बैलगाड्या जुंपून ते ऐकायला जातात. त्या उपग्रहावरून एका चित्राबरोबर दोन निरनिराळे ध्वनी पाठवण्याची सोय होती. एकच चित्र आंध्रातल्या गावात तेलुगूत बोले, कर्नाटकातल्या गावात कन्नडमध्ये. तिसरा ध्वनी असता तर, असा विचार सीमेवरच्या माणसाच्या मनात येणारच. वर्ष संपले, ‘नासा’ने उपग्रह दुसरीकडे हलवला आणि ते थाळे रिकामे झाले. १९७७ साली गुलबर्ग्याला जमिनीवरचे प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा अक्कलकोटकडच्या हौशी लोकांनी आपल्या अँटेनाची तोंडे पूर्वेला केली.

पिज या प्रयोगाचे धाकटे भावंड. ते मात्र वर्षभराने बंद पडले नाही. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राच्या स्टुडिओतून कार्यक्रम पिजला जात आणि तेथून आसपासच्या सुमारे चारशे गावांतल्या साडेसहाशे सामुदायिक संचांवर दिसत. अनेक ठिकाणी संच दूध मंडळीच्या जागेत ठेवलेला असे. भाषा चरोतरी गुजराती. विषय शेतमजुरांची मजुरी, सावकारी, अस्पृश्यता, गुरांचे आजार. नट पुष्कळदा गावातलेच. १९८४ सालचा युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला. माझ्या मते ‘स्थानिक प्रक्षेपण’ हा शब्द आपल्या देशात कोणी पूर्णपणे खरा करून दाखवला असेल तर तो पिजने. पुढे मोठी प्रक्षेपणे आली, एक किलोवॅटचे हे केंद्र अनावश्यक ठरले आणि ऐंशीचे दशक सरता सरता पिजचा तो प्रयोग इतिहासजमा झाला. अनावश्यक कोणाला, हे मात्र दूध मंडळीत बसणाऱ्यांना विचारायला हवे होते.

बडोद्याहून पिज सरळ रेषेत पंचावन्न-साठ किलोमीटर. प्रक्षेपण खेडा जिल्ह्यासाठी, बडोद्यासाठी नव्हे. पण उंच खांब आणि चांगला अँटेना असला तर अंधूक चित्र मिळे. मामांनी तो उद्योग केला. त्यांच्याकडून मी अँटेनाचे जे शास्त्र शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या हकिकतीला त्याचा उपयोग आहे.

माशाच्या सांगाड्यासारखा जो अँटेना आपण गच्च्यागच्च्यांवर पाहिला त्याला यागी-उदा अँटेना म्हणतात. जपानच्या सेंदाई शहरातील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनी १९२६च्या सुमारास तो सिद्ध केला. जपानात त्याची फारशी कदर झाली नाही. १९४२ साली सिंगापूर पडले तेव्हा हाती लागलेल्या ब्रिटिश कागदांत ‘यागी’ हा शब्द पाहून जपानी अधिकारी बुचकळ्यात पडले आणि तो त्यांच्याच माणसाचे नाव असल्याचे कैद्याकडून कळले, असे सांगतात. या अँटेनात एकच काडी संचाला तारेने जोडलेली असते. तिची लांबी लहरीच्या लांबीच्या निम्मी. तिच्या मागे किंचित लांब काडी, ती परावर्तक. पुढे किंचित आखूड काड्या, त्या दिग्दर्शक. काड्या वाढवाव्यात तसा अँटेना दूरचे पाहतो, पण त्याची नजर अरुंद होते. तीन काड्यांचा अँटेना हात दोन हात चुकीच्या दिशेला असला तरी चालून जाते. आठदहा काड्यांचा जराही चुकलेला खपवून घेत नाही.

मुंबई केंद्राचा चॅनेल क्रमांक चार. त्याच्या चित्राची कंप्रता ६२.२५ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे लहर पाच मीटरांना थोडी कमी आणि मुख्य काडी साडेसात फुटांची. असल्या पाच काड्या आडव्या बांधल्या की गच्चीवर कोणी खाट उलटी टांगली आहे असे वाटे. त्यावर कावळे बसत. उत्तरायणाला, म्हणजे १४ जानेवारीला, सगळ्या गल्लीचे कटलेले पतंग त्यात येऊन अडकत आणि मामा काठी घेऊन पोरांच्या अंगावर धावत, कारण पोरे मांजा ओढीत आणि अँटेनाचे तोंड फिरे. संचाकडे जाणारी तार म्हणजे चपटी वायर. तिला भिंतीला चिकटू द्यायची नाही, पावसात ओली होऊ द्यायची नाही. आणि बूस्टर लावायचा तो खाली संचाजवळ नव्हे, वर खांबावर. कारण बूस्टर हा प्रामाणिक पण बिनडोक नोकर असतो. खाली लावला तर वायरीत मिसळलेली खरखरसुद्धा तो इमानेइतबारे मोठी करून देतो.

मामांच्या खांबावर दोन अँटेना होते. खालचा वायव्येकडे, पिजसाठी. वरचा, तो उलट्या खाटेसारखा, दक्षिणेकडे. तो मुंबईसाठी. खाली गुजराती, वर मराठी. मामी म्हणत की, या खांबाला दोन्ही सासरे आहेत.

पावणेचारशे किलोमीटरांवरची मुंबई बडोद्यात दिसणार नाही हे मामांना शास्त्राने ठाऊक होते. तरी त्यांनी तो अँटेना चढवला, कारण त्यांना शास्त्राचा दुसराही भाग ठाऊक होता. उन्हाळ्यात आणि पावसाळा संपताना, वारा पडलेल्या रात्री, जमिनीलगत गार हवा आणि वर उष्ण हवा असा थर कधीकधी बसतो. खंबातचे आखात आणि किनारपट्टी यांवर तो लांबवर पसरतो. लहरी त्या थराखाली वाकत वाकत क्षितिजापलीकडे जातात. असे काही रोज होत नाही. पण होते.

१९९१ साली मी इतिहासाच्या एम. ए.साठी महाराजा सयाजीराव विद्यापीठात आलो आणि दोन वर्षे मामांकडे राहिलो. टीव्हीवरच्या सीतेला, दीपिका चिखलिया यांना, बडोद्याने त्याच वर्षी लोकसभेत निवडून पाठवले होते, असा तो काळ. तेव्हा मामांनी मला एक वही दाखवली. शंभर पानी, पुठ्ठ्याची, किराण्याच्या हिशेबाला वापरतात तसली. १९७८ ते १९८४ या वर्षांतल्या ज्या ज्या रात्री त्यांनी दक्षिणेचा अँटेना संचाला जोडून पाहिला त्यांची ती नोंदवही होती. तारीख, वेळ, वारा, आणि शेरा. शेरा बहुतेक ठिकाणी एकच : मुंग्या. पडद्यावर काळेपांढरे ठिपके वळवळतात त्याला आपण सारेच मुंग्या म्हणतो. मुंग्या, मुंग्या, मुंग्या, अशी पानेच्या पाने. मध्येच कोठे ‘आकृती हलली’, कोठे ‘आवाज, चित्र नाही’. आवाजाला चित्राइतका रुंद पट्टा लागत नाही, म्हणून चित्र बुडाले तरी आवाज पुष्कळदा तगून राहतो. एका मे महिन्यातल्या रात्री मराठी बातम्यांचा आवाज सलग काही मिनिटे आला आणि घरातली सगळी माणसे मुंग्यांकडे पाहत बातम्या ऐकत उभी राहिली, अशी हकीकत मामींनी मला सांगितली. बातमी काय होती हे त्यांना आठवत नव्हते. वहीत चिमणरावाची नोंद कोठे नाही. मी मुद्दाम पाहिले.

दफ्तरखान्यात काम करताना माझ्या हाती पुढे मोडीचे पुष्कळ कागद आले. पण एखाद्या समाजाला काय हवे होते आणि ते किती थोडे मिळाले, याचा त्या वहीइतका सरळ पुरावा मी दुसरा पाहिला नाही. पाच-सहा वर्षांत मिळालेले मराठी सगळे मिळून तासभरही भरले नसते.

१९८४ साली ही वही एकाएकी थांबते. त्याचे कारण देशाच्या इतिहासात आहे. १९८२च्या १५ ऑगस्टला रंग आणि राष्ट्रीय कार्यक्रम एकदमच आले. १९८३च्या ऑगस्टात इन्सॅट-१बी हा उपग्रह आकाशात गेला. आणि १९८४ साली शहराशहरांत लहान प्रक्षेपक बसवण्याचा सपाटा सुरू झाला, काही महिने तर दिवसाला एक या गतीने. आता चित्र दिल्लीहून उपग्रहावर, तेथून प्रत्येक गावच्या प्रक्षेपकावर. बडोद्याला अँटेनाची निवड हा प्रश्नच उरला नाही. प्रक्षेपक गावातच आल्यावर गच्चीवर चढायचे कशाला? संचाच्या पाठची दुर्बिणीसारखी ताणायची काडीही पुरे. चित्र लख्ख. मुंग्या गेल्या. पण या लख्ख चित्रात बडोद्याचे काही नव्हते. गुजराती कार्यक्रम अहमदाबादच्या वाट्याला आले तेवढे, बाकी सारे हिंदी. केंद्र जवळ आले आणि कार्यक्रम दूर गेले. रविवारी सकाळी रामायण लागले की बडोद्यापासून बेळगावपर्यंत सगळे रस्ते एकाच वेळी ओस पडत, ही त्या काळाची थोरवी आणि तीच त्याची मर्यादा.

मराठी परत आले ते केबलवाल्याच्या तारेतून आणि उपग्रहावरून. १९९४ साली मुंबई दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर गेली. तिलाच पुढे सह्याद्री हे नाव मिळाले. मामांनी ती निवृत्तीच्या काळात पोटभर पाहिली. खांबावरचे दोन्ही अँटेना मात्र त्यांनी काढू दिले नाहीत. विचारले की म्हणत, “असू दे रे, खाते काय?” दहा वर्षांपूर्वी ते गेले.

आता अलीकडची गोष्ट. गेल्या मे महिन्यात बडोद्यास गेलो होतो. मामेभावाच्या मुलाने भिंत भरेल एवढा नवा संच घेतला होता आणि त्याबरोबर एका दुकानातून ‘एचडी अँटेना’ म्हणून काळी, पातळ, वहीच्या पानाएवढी एक पाटी. खोक्यावर छापलेले : घरबसल्या स्थानिक वाहिन्या, हाय डेफिनिशन, महिन्याचे भाडे नाही. त्याचा एक मित्र अमेरिकेत राहतो. तिकडे असली पाटी खिडकीला चिकटवून गावातल्या वाहिन्या फुकट दिसतात, असे त्याने फोनवर सांगितले होते. ते खोटे नाही. अमेरिकेत २००९च्या जूनमध्ये मोठ्या केंद्रांचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण बंद झाले, पण त्याच्या जागी डिजिटल प्रक्षेपण जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून चालू राहिले आणि गावोगावची केंद्रे त्यावर आली. तेथे अँटेना निवडणे हा आजही घरगुती प्रश्न आहे : मनोरा कोणत्या दिशेला, किती लांब, मध्ये टेकडी आहे का. आमच्या पोराने पाटी खिडकीला लावली, पूर्वेला लावली, गच्चीवर नेली. संच शोधत राहिला आणि दर वेळी शून्य वाहिन्या सापडल्याचे सांगत राहिला.

मी त्याला जे सांगितले ते येथे नमूद करतो, कारण असली खोकी आपल्या बाजारातही आली आहेत. अँटेनाला एचडी कळत नाही. त्याला फक्त कंप्रता आणि दिशा कळते. लहरीवर जुने कृष्णधवल चित्र स्वार आहे की आजचे हाय डेफिनिशन, हे ओळखणे संचाचे काम. तेव्हा एचडी अँटेना असा निराळा प्राणी नाही. तो दुकानदाराने दिलेला किताब आहे. आजचे डिजिटल प्रक्षेपण बहुधा ज्या पट्ट्यात होते तेथे लहर दोन फुटांच्या आसपास, म्हणून काडी फूटभर पुरते आणि अँटेना वहीच्या पानात मावतो, एवढेच. म्हणून अँटेना विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न एकच : आपल्या टप्प्यात प्रक्षेपण आहे का, आणि ते कोणत्या कंप्रतेवर?

बडोद्यात त्याचे उत्तर नकारार्थी होते. २०१६च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने डीव्हीबी-टी२ पद्धतीचे डिजिटल प्रक्षेपण सोळा शहरांत सुरू केले. त्यांत अहमदाबाद होते, मुंबई होती, औरंगाबाद होते. बडोदे नव्हते. आणि जुने प्रक्षेपण तर मार्च २०२२ पर्यंत, सीमावर्ती मोक्याची पन्नासेक ठिकाणे वगळता, देशभरातून आवरते घेण्याचे प्रसार भारतीने ठरवले आणि तसे केले. अहमदाबादचे प्रक्षेपण शंभर किलोमीटरांवरून ओढून आणण्याचा विचार मामांनी नक्की केला असता. पण येथे आणखी एक अडचण आहे. डिजिटलला मुंग्या नसतात. लहर पुरेशी असली तर चित्र लख्ख, जरा कमी पडली तर चौकटी चौकटी होऊन गोठते आणि मग काळा पडदा. ‘आवाज, चित्र नाही’ अशी नोंद करण्याची संधी हे तंत्र फारशी देत नाही. टप्प्याच्या काठावर राहणारी जी माणसे अर्धेमुर्धे पकडून त्यावर गुजराण करीत होती, त्यांची जागा या पद्धतीत नाही.

पाटी परत करण्यासाठी आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “साहेब, अँटेना चांगलाच आहे, तुमच्या एरियात सिग्नल नसेल.” हे अक्षरशः खरे होते. पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

मग आम्ही थाळी आणली. दूरदर्शनची डीडी फ्री डिश सेवा २००४च्या डिसेंबरात सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही. तिचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंच आहे. बडोद्याहून तो कोठे दिसावा हे मी कागदावर काढले : उत्तरेपासून उजवीकडे १३६ अंश, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५५ अंश वर. आकडा लिहिल्यावर माझ्या लक्षात आले की पिजची दिशा ३१६ अंश होती. बरोबर पाठमोरी. दोन फुटांच्या थाळीला उंचीची गरज नसते, समोरचे आकाश मोकळे असले की झाले; फक्त दिशा अचूक लागते, आणि जोराच्या पावसात थोडा वेळ चित्र जाते ते सोसावे लागते. एचडी वाहिन्यांसाठी थाळी बदलावी लागत नाही, खालचा डबा मात्र त्या वाहिन्या उलगडणारा लागतो.

मेकॅनिक थाळी हलवी, मी खालून ओरडे, “आलं, आलं... गेलं!” एवढे एक पन्नास वर्षांत बदललेले नाही. शेवटी चित्र बसले. गिरनार लागले, म्हणजे अहमदाबाद. सह्याद्री लागले, म्हणजे मुंबई. ज्यासाठी मामांनी सहा वर्षे वही भरली ते दोन बोटांच्या अंतरावर. मामी आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. त्या थोडा वेळ सह्याद्री पाहत बसल्या, मग नातवाला म्हणाल्या, “अरे, आपल्या बडोद्याचं कुठल्यावर लागतं?” तो बराच वेळ रिमोट दाबत राहिला.

थाळी बसवायला गच्चीवर जागा हवी म्हणून मामेभावाने मेकॅनिककडून दोन्ही अँटेना उतरवून घेतले. भंगारवाल्याने ॲल्युमिनियमच्या भावाने वजन करून नेले. खांब तीस फुटी होता. तो पाच फुटांवर कापून त्याच्या बुंध्याला थाळी आवळली, आणि राहिलेल्या पायपाची मामींनी वाळवणासाठी आडवी दांडी करून घेतली. वही मी मागून आणली आहे. ती आमच्या शाळेच्या इतिहासाच्या कपाटात, मोडी कागदांच्या शेजारी ठेवली आहे.